निवडणूक झाली आणि पोरं पांगली, आता पुढची पाच वर्षं त्यांना धरून कसं ठेवायचं?

भांडुपवाला

नमस्कार मंडळी. जानेवारीत पालिकेची निवडणूक झाली तेव्हा आमच्या इथे, भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्याच्या वरच्या अंगाला, पंचवीस-तीस पोरं-पोरी रोज संध्याकाळी जमायची. वय 19 ते 26. कोणी डिलिव्हरीवर आहे, कोणी मुलुंडला कॉलेजला जातं, दोघी-तिघी नर्सिंग करतायत. यादीत कोणाचं नाव कुठल्या भागात आहे ते मोबाईलवर शोधून देणं, चिठ्ठ्या पोचवणं, डोंगरावरून ज्यांना उतरता येत नाही अशा आजी-आजोबांना हात धरून केंद्रापर्यंत नेणं, ही सगळी कामं त्यांनी केली. कुठल्या पक्षाचं म्हणून नाही केलं, आमच्यात तीन पक्षांची पोरं आहेत आणि प्रचाराच्या वेळी ती आपापल्या बाजूला जात होतीच, पण वस्तीचं मतदान वाढलं पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं.

16 तारखेला निकाल लागला, गुलाल उधळला, आणि पुढच्या रविवारी मिटिंगला पाच जण आले. आता तर तेही नाही.

तरुणांना राजकारणात इंटरेस्टच नाही असं कोणी म्हणालं की मला खरंच राग येतो. जरा हिशोब करून बघा. याआधीची पालिका निवडणूक झाली फेब्रुवारी 2017 ला. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, मग जानेवारी 2026 पर्यंत प्रशासक. म्हणजे 1999 साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुंबईतल्या पोराने या जानेवारीपर्यंत नगरसेवकासाठी कधी मतच दिलेलं नव्हतं. सव्वीस वर्षांचा माणूस, नोकरीला लागलेला, एखाद्याचं लग्नसुद्धा झालेलं, आणि तो मला विचारतो की दादा नगरसेवक नक्की करतो काय. त्याने कधी बघितलाच नाही काम करणारा तर तो विचारणारच ना. जवळपास चार वर्षं गटार तुंबलं तरी जायचं कोणाकडे हेच लोकांना कळत नव्हतं.

तर माझा प्रश्न असा की पुढच्या निवडणुकीपर्यंत या पोरांना धरून ठेवायचं कसं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर आता फक्त फॉरवर्ड येतात आणि नेत्यांवरून भांडणं होतात. संविधानावर एका वकील मॅडमचं व्याख्यान ठेवलं होतं, पोरांनी मन लावून ऐकलं, प्रश्नही चांगले विचारले, पण नंतर पुढे काय करायचं ते कोणाकडेच नव्हतं. टी-शर्ट, सर्टिफिकेट, क्विझ असलं काही सुचवू नका प्लीज. ज्यांनी खरंच चार-सहा तरुण वर्षानुवर्षं टिकवलेत त्यांनी सांगा.

बीएलओ_टीचर

मी पालिकेच्या शाळेत शिकवते आणि बीएलओचं, म्हणजे घरोघर जाऊन मतदार यादी तपासायचं, काम पण करते, त्यामुळे माझी गाडी यादीपासूनच सुरू होणार. तुमच्या ग्रुपमधल्या 18-19 च्या किती जणांची नावं खरंच यादीत होती ते आधी विचारा. कारण पालिकेच्या निवडणुकीला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. ज्याला ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली तो जानेवारीत मतदानाच्या दिवशी बाहेर उभा राहून बघत बसला, आणि आमच्या केंद्रावर अशी मुलं आली होती, आधार कार्ड घेऊन, हौसेने नवीन शर्ट घालून. त्यांना परत पाठवताना फार जिवावर येतं. पहिल्याच वेळेला दारातून परत गेलेलं मूल पुढच्या वेळी येईलच असं नाही.

आता नियम बरे झालेत. पूर्वी फक्त 1 जानेवारी ही एकच तारीख होती, आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार आहेत, आणि सतरा पूर्ण झाली की आधीच अर्ज भरून ठेवता येतो. हे बारावीच्या मुलांना कोणी सांगतच नाही. मतदानाचं वय 1989 मध्ये एकवीसचं अठरा झालं, पण नाव नोंदवायचं डोक्यात येतं ते निवडणूक जाहीर झाल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट मुंबईची खास आहे. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली किंवा झोपडपट्टी एसआरएत (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) गेली की माणसं भाड्याने पांगतात, एक नालासोपाऱ्याला, एक दिव्याला, एक संक्रमण शिबिरात. नाव जुन्या पत्त्यावर राहतं, मग तिथे बीएलओ गेली की कुलूप नाहीतर सपाट मैदान, शेजारी सांगतात इथे आता कोणी राहत नाही, आणि नाव उडतं. त्या घरातल्या पोराला हे कळतं थेट मतदानाच्या दिवशी. फॉर्म 8 भरून पत्ता बदलायचा असतो, तो वेळेवर भरला तर हा सगळा प्रकार टळतो.

तर माझं म्हणणं, तुमच्या पोरांना वर्षभराचं काम हेच द्या. यादीचा एकेक भाग एकेका जोडीकडे. त्या गल्लीत कोण अठराचा होतोय, कोण लग्न होऊन आली, कोण वारलं, कोण सोडून गेलं, हे त्यांना आमच्यापेक्षा आधी माहीत असतं. आम्ही शाळा, पेपर तपासणी, घरचं सगळं सांभाळून दारोदार फिरतो, बरोबर गल्लीतली एक मुलगी असली तर दारं पटापट उघडतात. आणि ज्या पोराने स्वतः चाळीस-पन्नास नावं लावली तो मतदानाच्या दिवशी घरी झोपून राहत नाही, हे मी बघितलेलं आहे.

(आणखी एक, कमी मतदानाचं सगळं सुट्टीवर ढकलू नका. 20 मे 2024 ला लोकसभेचं मतदान सोमवारी होतं, लोक जोडून सुट्टी घेऊन गावाला गेले असं सगळे म्हणाले. म्हणून नोव्हेंबरात विधानसभेला आयोगाने मुद्दाम बुधवार ठेवला. पण मे महिन्यात आमच्याकडे जी रांग होती, त्या उन्हात, पाणी नाही, मोबाईल आत न्यायचा नाही आणि बाहेर ठेवायची सोय नाही, त्यात कामावर जायचं असलेली किती तरुण मुलं रांग सोडून गेली ते मी डोळ्यांनी बघितलंय. ती पिकनिकला नव्हती गेली.)

लालबागकर_काका

टीचरबाईंचं बरोबर आहे, पण यादीवर पोरगं वर्षभर टिकेल असं मला नाही वाटत. ते काम निवडणुकीसाठीचं, आणि भांडुपवाले विचारतायत मधल्या वर्षांचं.

आम्ही तरुण होतो तेव्हा मृणालताई गोरेंची कामाची पद्धत जवळून बघायला मिळाली. त्या 1961 ला गोरेगावातून नगरसेविका झाल्या, 1972 ला आमदार, 1977 ला खासदार, पण लोकांनी नाव काय ठेवलं तर पाणीवाली बाई. त्या पाण्यावर भाषण करून थांबायच्या नाहीत. कुठल्या वस्तीला पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, हे बायकांना तोंडपाठ असायचं आणि ती माहिती घेऊन थेट अधिकाऱ्याच्या टेबलासमोर. 1972 च्या महागाईत लाटणं मोर्चा निघाला तेव्हा अहिल्याताई रांगणेकर, प्रमिला दंडवते, मृणालताई, पक्ष वेगवेगळे, पण रॉकेल आणि तेल-साखरेच्या प्रश्नावर एकत्र. आमच्या चाळीतल्या ज्या बायका कधी गल्लीबाहेर बोलल्या नव्हत्या त्या लाटणं घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि त्यातल्या काही जणी पुढे आयुष्यभर कार्यकर्त्या राहिल्या. त्यांना कोणी राजकारण शिकवलं नव्हतं, त्यांच्या घरात रॉकेल नव्हतं.

भांडुपवाले, तुमच्या तर दारातच विषय आहे. मुंबईचं पाणी शुद्ध होतं कुठे? भांडुप कॉम्प्लेक्सला. अर्ध्याहून जास्त शहर ते पाणी पितं, आणि त्याच भांडुपच्या डोंगरावरच्या वस्त्यांना प्रेशर मिळत नाही, बाया-बापड्या हंडे घेऊन खाली उतरतात. तुमच्या ग्रुपमधल्या प्रत्येक पोराच्या आईने रात्री उठून पाणी भरलेलं असणार. तीन पक्षांची पोरं आहेत म्हणता ना, पाण्यावर त्यांचं भांडण होणार नाही.

विक्रोळी_ईस्ट

काकांना प्लस वन. आमच्याकडे आम्ही पाण्याचंच धरलं होतं, कसं केलं ते सांगतो म्हणजे तुम्हाला उपयोग होईल.

आधी आम्ही पण निवेदन देऊन फोटो काढून परत यायचो. काही हलायचं नाही. मग एका मुलीने, ती बीएससी स्टॅट्सला होती, एक कागद बनवला. गल्लीचं नाव, पाणी आलं किती वाजता, गेलं किती वाजता, दहा लिटरची बादली भरायला किती मिनिटं लागली. बास, एवढंच. प्रत्येक गल्लीत एक पोरगं, सकाळी दात घासत घासत लिहायचं आणि ग्रुपवर फोटो टाकायचा. महिन्याभरात दिसायला लागलं की एकाच लाईनवरच्या दोन गल्ल्यांत एकीला बादली पटकन भरते आणि दुसरीला तिप्पट वेळ, आणि रविवारी वेळच कमी. मग आम्ही चावीवाल्याशी बोललो. हो, तोच जो सकाळी लांब चावी घेऊन व्हॉल्व्ह फिरवत असतो. चांगला माणूस होता, त्याने सांगितलं की त्याला किती व्हॉल्व्ह किती वेळात फिरवायला लागतात आणि एक व्हॉल्व्ह कधीपासून जाम आहे, वरती कळवलंय पण कोणी लक्ष देत नाही. हे आम्हाला दहा निवेदनं देऊन कळलं नसतं.

नंतर वॉर्ड ऑफिसला पाणी खात्याच्या इंजिनियरकडे तो तक्ता नेला. पालिकेच्या 1916 हेल्पलाईनवरच्या तक्रारींचे नंबर जोडले, पत्राच्या दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून पोच घेतली, आणि उत्तर येईना तेव्हा माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. अर्जात "पाणी का येत नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. अमुक तारखेच्या पत्रावर काय कार्यवाही झाली, ते पत्र कोणाच्या टेबलावर किती दिवस होतं, त्या व्हॉल्व्हच्या दुरुस्तीची नोंद आणि कामाच्या ऑर्डरची प्रत द्या, असं कागद मागून लिहायचं. व्हॉल्व्ह बदलला गेला. सगळा प्रश्न सुटला असं नाही, वरच्या गल्लीला अजून त्रास आहेच, पण ज्या दिवशी बादली लवकर भरली त्या दिवशी ग्रुपवर जी धमाल होती ना, ती गुलालाच्या दिवशी पण नव्हती. ती पोरं अजून आहेत. आता त्यातली दोघं पालिकेचं बजेट वाचायला बसतात, 2025-26 चं बजेट 74,427 कोटींचं होतं, आपल्या वॉर्डात त्यातलं काय आलं ते शोधतायत. कोणी सांगितलं नाही त्यांना.

माजी_गटप्रमुख

सगळं छान आहे पण एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. मी एका पक्षात कॉलेजपासून होतो. बॅनर बांधले, सतरंज्या उचलल्या, रात्री दोनला फोन आला तर हॉस्पिटलला रक्त द्यायला गेलो आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, माणसं जोडली गेली. पण इतक्या वर्षांत एका मिटिंगमध्ये सुद्धा कोणी विचारलं नाही की तुला काय वाटतं. नगरसेवक व्हायला वय एकवीस लागतं, आमदार-खासदाराला पंचवीस. कायदा एकविसाव्या वर्षी दार उघडतो, पण तिकीट वाटपाच्या रात्री एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, जातो कोणाच्या घरात? आमच्या इथे गेला नेत्याच्या घरातल्या माणसाकडे, ज्याने एक चिठ्ठी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी आमच्यातली सगळी चांगली पोरं घरी बसली. मीही.

म्हणून पाणी, गटार, यादी सगळं करा, पण निर्णय कोण घेतं ते आधी बघा. भांडुपवाले, तुमच्या ग्रुपमध्ये इंजिनियरशी बोलायला पुढे कोण होतं? तुम्हीच ना? पत्राखाली सही कोणाची? तुमचीच असणार. तुम्ही मेहनती आहात यात शंका नाही, पण वीस वर्षांच्या पोराला मागे उभं राहून मान हलवायचं काम मिळालं तर तो तीनदा येईल, चौथ्यांदा नाही. पुढच्या वेळी वॉर्ड ऑफिसला त्या नर्सिंगवाल्या मुलीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. ती अडखळली तरी चालेल.

आणि एक स्पष्ट बोलतो, कायम "आम्ही पक्षाचे नाही" असं म्हणून पण भागणार नाही. कधीतरी तुमच्यातल्या कोणाला तरी उभं राहावं लागेल, पक्षातून नाहीतर अपक्ष. 2007 ला जुहूमध्ये नागरिकांनी मिळून अ‍ॅडॉल्फ डिसोझा यांना उमेदवार म्हणून उभं केलं आणि ते निवडून आले होते. मुंबईत हे होऊ शकतं. सोपं आहे असं मी म्हणत नाही.

माटुंगा_टीवाय

मी वीस वर्षांची आहे, आत्तापर्यंत सगळे आमच्याबद्दल बोलतायत म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे मिटिंगची वेळ. आमच्या एरियात सगळ्या मिटिंगा रात्री साडेनऊनंतर, नाक्यावर नाहीतर मंडळाच्या ऑफिसात, कारण पोरं तेव्हा कामावरून येतात. मुलींना त्या वेळेला घरून सोडत नाहीत, आणि सोडलं तरी बाहेर बाईक लावून सिगरेट ओढणारा घोळका पार करून आत जायचं. मग म्हणतात मुली येत नाहीत. पालिकेत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, तर मग रविवारी सकाळी दहाला, शाळेच्या वर्गात नाहीतर बालवाडीत, मिटिंग का होऊ शकत नाही? आमच्या ग्रुपने एवढा एकच बदल केला आणि मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीने झाली.

दुसरं, निवडणूक लढवायची म्हणजे काय हे आम्ही शिकायचं कुठे? कॉलेजमधल्या विद्यार्थी निवडणुका नव्वदच्या दशकात हाणामाऱ्या झाल्या म्हणून बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात परत आणल्या, 2019 ला होणार होत्या, त्या पुढे ढकलल्या. माझ्या वर्गात एकानेही कधी चार लोकांसमोर उभं राहून मला मत द्या असं म्हटलेलं नाही, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायचं कसं हे पण माहीत नाही. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटला पदवीधरांच्या दहा जागा असतात, सप्टेंबर 2024 ला निवडणूक झाली, पण त्यासाठी वेगळी नोंदणी लागते हे आमच्या सीनियर्सपैकी बहुतेकांना माहीतच नव्हतं. कॉलेजने पण नोटीस बोर्डावर एक कागद लावण्यापलीकडे काही केलं नाही.

आणि तिसरं, भीती. घरचे म्हणतात एकदा केस लागली की पासपोर्ट नाही, सरकारी नोकरी नाही. ऑक्टोबर 2019 ला आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी रात्री झाडं तोडायला लागले तेव्हा जी मुलं धावत गेली त्यातल्या 29 जणांना अटक झाली. तेव्हाच कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि सुप्रीम कोर्टाने सुट्टीत सुनावणी घेऊन झाडतोड थांबवली, तोपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली होती. डिसेंबरमध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी गुन्हे मागे घ्यायची घोषणा केली. पण अटक झालेल्या मुलांच्या घरी ते दोन महिने काय झालं असेल याचा विचार करा. तरुणांनी रस्त्यावर यावं असं वाटत असेल तर आधी एखादा वकील ठरवून ठेवा, त्याचा नंबर सगळ्यांकडे असू दे, आणि आई-वडिलांना एकदा भेटा. माझ्या बाबांना आमच्या ग्रुपच्या ताई घरी येऊन भेटल्या, चहा प्यायल्या, काय करतो ते सांगितलं, त्यानंतर बाबांनी अडवलं नाही.

भांडुपवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. माजी गटप्रमुख, पत्राखाली सही माझीच असते, बरोबर ओळखलंत. काल पाच-सहा जणांना हा धागा वाचायला दिला आणि त्यावर रात्री बरीच चर्चा झाली. रविवारी सकाळी दहाला, शाळेत नाही मिळाली जागा, समाजमंदिरात भेटतोय. विक्रोळीवाल्यांचा तक्ता आम्ही तसाच घेणार आहोत, बादली आमच्याकडे पंधरा लिटरची सगळ्यांकडे आहे म्हणून ती धरतोय. इंजिनियरकडे नर्सिंगवाल्या दोघी जाणार, त्या आत्ताच तयारीला लागल्यात, एक जण तर वॉर्ड ऑफिसात पाणी खातं कुठल्या मजल्यावर आहे ते पण विचारून आली.

अपक्ष लढायच्या मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. आत्ता तो विषय काढला तर तीन पक्षांची पोरं एकमेकांकडे संशयाने बघायला लागतील आणि पाण्याचं काम पण जाईल. दोन-तीन वर्षांनी त्यांच्यातूनच कोणी म्हणालं तर म्हणू दे, मी पाठीशी असेन.

टीचर, यादीचं पण करतोय. एक अडचण आहे. आमच्याकडे रत्नागिरी, साताऱ्याची काही मुलं कॉलेजसाठी रूम करून राहतात, भाड्याचा करार रजिस्टर केलेला नाही, रूममालक लाईट बिल द्यायला तयार नाही. आणि एक मुलगी नर्सिंगच्या हॉस्टेलला असते. यांनी नाव गावाला ठेवायचं की इथे?

बीएलओ_टीचर

ते त्यांनी ठरवायचं, जिथे प्रत्यक्ष राहतात तिथे नोंदवता येतं. पण एकाच ठिकाणी. दोन्हीकडे नाव चालत नाही आणि फॉर्मवर खोटी माहिती दिली तर शिक्षा होऊ शकते, हे मुलांना नीट सांगा, बरेच जण गावचं नाव ठेवून इथे दुसरं लावतात. गावाला नाव असेल तर नवीन नोंदणीचा फॉर्म 6 भरायचा नाही, फॉर्म 8 मध्ये स्थलांतर निवडायचं, म्हणजे तिकडचं आपोआप कमी होतं. पण आधी विचार करू दे, गावच्या ग्रामसभेत बोलायचा हक्क त्या यादीवरच असतो, आणि काही मुलांना तो सोडायचा नसतो.

हॉस्टेलच्या मुलीला कॉलेजच्या प्रिन्सिपलकडून ती तिथे शिकते आणि राहते असं बोनाफाईड लागेल, विद्यार्थ्यांसाठी घोषणापत्राचा नमुना आहे त्यावर घ्यायचं. रूमवाल्यांकडे त्या पत्त्यावरचं बँक पासबुक किंवा पोस्टाने आलेलं काही असेल तर ते जोडा. काहीच नसेल तरी अर्ज टाका, अशा वेळी बीएलओने प्रत्यक्ष येऊन खात्री करायची असते. फक्त ती येईल तेव्हा रूमवर कोणीतरी असू दे, आम्ही बहुतेक शाळा सुटल्यावर दुपारनंतर निघतो, त्या वेळेला मुलं कॉलेजात असतात आणि आमचा "आढळले नाहीत" असा शेरा पडतो. तुमच्या भागाची बीएलओ कोण आहे ते आयोगाच्या मतदार पोर्टलवर भाग क्रमांक टाकलात की दिसेल, नाहीतर 1950 या मतदार हेल्पलाईनला फोन करा, आणि रविवारच्या मिटिंगला तिलाच बोलवा.